कुठं दिसतोय का बघ

एप्रिल २०२० मध्ये आमच्या घरात एका हरणाऱ्या क्लबचा शिरकाव झाला. हळदीचा ऐन हंगाम, आणि सौदे बंद. सांगलीच्या मार्केट यार्डाला कुलूप, वह्या पेढीवर, आणि त्या लिहिणारा मी घरात पंख्याखाली. जगभरचा फुटबॉलही थांबलेला, त्यामुळे आमचं पोरगं शिळ्या फुटबॉलवर दिवस काढत होतं. त्यानं एका रात्री 'संडरलंड टिल आय डाय' ही नेटफ्लिक्सवरची माहितीपट मालिका लावली.

"काय आहे रे हे?"

"क्लब आहे एक. हरतो."

"मग?"

"मग काही नाही. हरतच राहतो."

इतकी प्रामाणिक जाहिरात मी आजवर ऐकलेली नाही. दुसरं काही करण्यासारखंही नव्हतं. बसलो चौघं.

संडरलंड हे इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यातलं, वेअर नदीच्या मुखाशी वसलेलं गाव. एके काळी जहाजं बांधायचं आणि कोळसा उपसायचं. शेवटच्या गोद्या १९८८ मध्ये बंद झाल्या, खाण १९९३ मध्ये. त्या खाणीच्याच जागेवर १९९७ मध्ये क्लबनं नवं मैदान उभं केलं. दारात खाणकामगाराचा भलामोठा कंदील आहे, आत जवळपास ४९ हजार माणसं बसतात. मी हळदीतला माणूस, मला हे ऐकताना सांगलीशेजारचं हरिपूर आठवलं. तिथल्या जमिनीतल्या पेवांमध्ये वर्षानुवर्षं हळद साठवायचे, २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं. जमिनीखालची लक्ष्मी एकदा गेली की वरच्या माणसांनी करायचं काय? संडरलंडवाल्यांनी मैदान बांधलं. आम्ही अजून काही बांधलेलं नाही.

तर हा क्लब २०१७ मध्ये प्रीमिअर लीगमधून, म्हणजे तिथल्या सगळ्यांत वरच्या वर्गातून, खाली पडला. मालिका काढणारे स्वतः ह्याच क्लबचे भक्त. पडलेला गडी वर्षभरात उठेल, तेवढं टिपू, अशा हिशेबानं कॅमेरे लावले. गडी उठला तर नाहीच, आणखी एक पायरी खाली गेला, तोही २४ संघांत शेवटचा येऊन. लग्नाचं शूटिंग ठरवावं, नवरदेव पळून जावा, आणि शूटिंगवाल्यानं मांडवातच थांबून पुढचं सगळं टिपत राहावं, तसं झालं. आणि मला विचाराल तर त्यामुळेच ती मालिका बघण्यासारखी झाली. जिंकले असते तर आमच्या घरी कोण त्यांना विचारणार होतं?

सुरुवातीलाच चर्चमध्ये पाद्री क्लबसाठी प्रार्थना करतो. इथं सोफ्यावर आईचे हात आपोआप जोडले गेले. वर म्हणाली, "देव कुणाचा का असेना, मागतोय कळवळून." आईला ऑफसाइड कळत नाही. पेनल्टी कळते, कारण त्यात उभं राहणाऱ्याचं तोंड दिसतं. पहिल्या भागापासून तिचा जीव अडकला तो क्लबच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईत. संघ खाली गेला की पैसा आटतो आणि नोकर कमी करतात हे पोरानं सांगितल्यापासून तर प्रत्येक गोलानंतर एकच प्रश्न, "त्या बाईची नोकरी राहिली का?"

डिसेंबर २०१६ मध्ये हा संघ घरच्या मैदानावर जिंकला, त्यानंतर डिसेंबर २०१७ मध्ये. मध्ये गेले ३६४ दिवस. पोरानं हा आकडा वाचून दाखवला तेव्हा आई म्हणाली, "वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी जिंकले की." त्या घरात त्या महिन्यात इतकं मोठ्यानं कुणी हसलं नव्हतं.

क्लबच्या बिल्ल्यावर एक पूल आहे, हे आधी बायकोच्या लक्षात आलं. पोरानं मोबाइलवर शोधलं. वेअर नदीवरचा पूल, १९२९. आम्ही एकमेकांकडे बघितलं. आपला कृष्णेवरचा आयर्विन पूल? तोही १९२९. मी लगेच म्हटलं, त्या साली इंग्रजांनी जगभर पूल बांधले असतील, त्यात काय एवढं. पण घरात मी एकटा पडलो. आईनं सोयरीक जुळल्यासारखी मान डोलावली, आणि तिथून पुढं संडरलंडचं नाव घरात कुणी घेतलं नाही. 'आपल्या पुलाचे' झाले ते.

जिल्हाबंदी उठली आणि कोल्हापूरहून मेहुणा आला. हा अस्सल पेठेतला. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींच्या नावानं ओळखले जातात. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा. कुस्तीच्या आखाड्यातनं फुटबॉल उगवावा हे तिथंच शक्य. मेहुण्याची तालीम कुठली ते इथं लिहीत नाही, मला सासरवाडीला जायचं असतं. त्यानं बिल्ला बघितला, पुलाची गोष्ट ऐकली आणि बारसंच करून टाकलं. पुलाकडील तालीम.

मेहुण्याबरोबर टीव्ही बघणं म्हणजे शाहू स्टेडियमवर तिकीट काढून बसणं. वर्षभरापूर्वी खेळून झालेल्या मॅचमधल्या गड्याला तो ओरडतो, "अरं दे की लका पास, त्यो मोकळा हाय!" निकाल मोबाइलवर एका बोटाच्या अंतरावर. पण त्यानं घरातले सगळे मोबाइल गोळा करून देवघराच्या कट्ट्यावर ठेवले. "दाजी, निकाल ठावं असंल तर बघायचं कशाला?" माझं म्हणणं उलट होतं. निकाल माहीत असल्यावरच माणूस शांतपणे बघतो. पण शांतपणे बघायला तो कोल्हापूरहून कशाला येईल?

दुसऱ्या वर्षाची मालिका मला तेवढी रुचली नाही. पहिल्या वर्षी माणसं कॅमेरा विसरून रडली होती, दुसऱ्या वर्षी क्लबच्या नव्या साहेबांना कॅमेरा कुठं आहे ते पक्कं ठाऊक असावं असं वाटतं. पण तिच्यात खुर्च्यांचा प्रसंग आहे. मैदानातल्या लाल खुर्च्या उन्हानं विटून गुलाबी पडलेल्या. २०१८ च्या उन्हाळ्यात त्या बदलायला गावातली माणसं स्वतः आली. ज्या खुर्चीवर बसून वर्षभर शिव्या घातल्या, ती उपसायची आणि नवी बसवायची. बायकोनं तो प्रसंग परत लावायला सांगितला. काही बोलली नाही. मला कळलं तिला काय आठवलं ते. पूर ओसरल्यावर आमच्या गल्लीत कोण कुणाच्या घरात खराटा मारत होतं ह्याचा हिशेब नव्हता.

मग २०१९ ची वेम्बलीची फायनल आली. जिंकले की वरच्या वर्गात. पाचव्या मिनिटाला समोरच्या चार्लटनच्या गड्यानं आपल्याच गोलकीपरकडे चेंडू मागं दिला, तो त्याला चुकवून थेट जाळ्यात. मेहुणा उठून उभा राहिला. हात वर, तोंडात दोन बोटं, शिट्टी. शेजारच्या काकूंनी खिडकी उघडून बघितली. बरोबरी झाली तरी तो बसला नाही. आणि ९४ व्या मिनिटाला चार्लटननं गोल मारला. संपलं. मेहुणा गॅलरीत जाऊन उभा राहिला. जेवायला बोलावलं तर म्हणाला, "दाजी, हे मुद्दाम केलंय."

"कुणी?"

"कॅमेरावाल्यांनी."

पोरगं मँचेस्टर सिटीचं. ह्या पिढीनं क्लब असा निवडला की पराभव पाव्हण्यासारखा येतो, एखादा दिवस राहतो आणि जातो. तो म्हणाला, "मी असतो तर कधीच क्लब बदलला असता." मामानं त्याच्याकडे असं बघितलं की जणू भाच्यानं जात विचारली. "तालीम बदलत नसत्यात. ज्या गल्लीत पाळणा, त्या गल्लीची तालीम."

"मग तुझी तालीम शेवटची कधी जिंकली, मामा?"

मामानं ताटातला तांबडा रस्सा ओरपला.

ह्या मालिकेचं कौतुक मुख्यतः आमच्यासारख्यांनीच केलं असणार. ज्यांचा त्या गावाशी काडीचा संबंध नाही, त्यांनी. वीसेक किलोमीटरवरच्या न्यूकॅसलवाल्यांनी ती विनोदी म्हणून बघितली असेल, शेजारधर्म तो. आणि खुद्द संडरलंडच्या माणसाचं काय? त्यानं एप्रिल २०१८ मध्ये तिकीट काढून घरच्या मैदानावर बर्टनविरुद्धची मॅच बघितली. आधी पुढं होते, मग आपल्याकडेच पूर्वी खेळून गेलेल्या गड्यानं बरोबरी साधली, शेवटच्या मिनिटांत आणखी एक गोल बसला, आणि क्लब तिसऱ्या वर्गात गेला. हे एकदा पैसे मोजून भोगल्यावर परत वर्गणी भरून कोण बघेल?

असं मी मोठ्या समजुतीनं म्हणालो. बायको म्हणाली, "तुम्ही नव्हता बघितलं?"

ऑगस्ट २०१९. आमचं घर गावभागात. आयर्विनखाली ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. सांगलीकराला पावसाळ्यात तुम्ही कसे आहात असं विचारत नाहीत, किती फूट झालं विचारतात. कोयनेतून किती सोडलं, मारुती चौकात आलं का, स्टेशन चौकात आलं का. आणि मॅच हरल्यावर जसा मॅनेजर, तसं आमच्याकडे धरण. वरच्यानं सोडलं तरी त्याचंच चुकलं, खालच्यानं अडवलं तरी त्याचंच.

आम्ही बहिणीकडे विश्रामबागेत होतो. वीज आली तशी टीव्ही लावला, तर एका वाहिनीवर आमची सांगली. वरून ड्रोन फिरतोय, खाली चहाच्या रंगाचं पाणी, पाण्यात तरंगल्यासारखे पत्रे आणि गच्च्या, आणि पाठीमागं सनईसारखं काहीतरी रडकं. पुण्याहून फोन, "तुमची सांगली बघितली हो, आम्हाला रडू आलं." मला तेव्हा विलक्षण राग आला होता. घर आमचं बुडालंय, तुम्ही कशाला रडताय? आणि ते संगीत कुणी सांगितलं होतं लावायला?

पण टीव्ही बंद केला का? नाही. ती चित्रफीत फोनवरही आली, आणि बहिणीच्या दिवाणखान्यात आम्ही सात माणसं एका मोबाइलवर डोकी टेकवून बसलो. "थांब, मागं घे. हा मारुती चौक. आता डावीकडे घे." जणू ड्रोन आमच्या हातात होता. मी शोधत होतो ती गच्चीवरची निळी टाकी. तिचं झाकण उडू नये म्हणून आईनं त्यावर जुन्या जात्याची तळी ठेवली आहे, त्यामुळे ती हजारांत ओळखू येते. ड्रोन आमच्या गल्लीशी आला, वळला, टाकी आता दिसणार, आणि निवेदिकेचा चेहरा आला. अकरा वेळा बघितलं. अकराही वेळा निवेदिकाच. बहिणीच्या खालच्या मजल्यावर हरभट रोडवरचं एक कुटुंब येऊन राहिलं होतं, त्यांचं दुकान मात्र दिसलं. पाटीपर्यंत पाण्यात. त्या बाई टाळी वाजवून म्हणाल्या, "आमचं दिसलं!" आणि मग तोंडावर पदर घेतला.

खरं सांगायचं तर मला त्यांचा हेवा वाटला.

मेहुणा गेल्यावर मी बर्टनच्या मॅचचा भाग एकट्यानं पुन्हा लावला. ह्या वेळी खेळ बघितलाच नाही. मागची माणसं बघितली. एक म्हातारा डोक्यावर दोन्ही हात ठेवून बसलेला. एक पोरगा बापाच्या जॅकेटमध्ये तोंड खुपसून. कॅमेरा त्यांच्यावरून सरकतो, पुढच्या रांगेवर जातो, आणि नेमका तुटतो. त्या पुढच्या रांगेत चौथ्या खुर्चीवर कोणी बसलेला असणार. त्यानं घरी, ही मालिका आपण बघणार नाही असं जाहीर करून, रात्री सगळे निजल्यावर हा भाग लावला असणार. थांब, मागं घे.

मे २०२५ मध्ये एका रात्री साडेनवाच्या सुमारास पोराचा पुण्याहून फोन आला. सिटीचं काही असेल वाटलं. "बाबा, पुलाकडचे वर गेले!" वेम्बलीवर शेफील्ड युनायटेडला २-१ हरवून, ९५ व्या मिनिटाच्या गोलावर, आठ वर्षांनी प्रीमिअर लीगमध्ये. मारणारा पोरगा त्यांच्याच मुलुखातला, आणि दुसऱ्या क्लबात जायचं त्याचं आधीच ठरलेलं. मेहुण्याला कळवलं तर त्यानं ९५ हा आकडा दोनदा विचारून घेतला, मग म्हणाला, "चांगलं झालं. पर आता बघायला काय ऱ्हायलं?" आईला हाका मारून सांगितलं. तिनं विचारलं, "मग त्या बाईचं कायम झालं असेल ना आता?"

गेल्या पावसाळ्यात पाणी बघायला आयर्विनवर गेलो होतो. सांगलीत हे कुणाला सांगून जावं लागत नाही, निम्मं गाव तिथंच असतं. कठड्याला टेकून माणसं फुटांचे आकडे बोलत होती, कुणी भडंगाचा पुडा फोडला होता. तेवढ्यात वर माशी घोंघावावी तसा आवाज आला. कुणा पोराचा ड्रोन. सगळ्यांनी माना वर केल्या, मीही केली. ड्रोन आमच्या डोक्यावरून सरकू लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं, शर्टाची कॉलर आत दुमडलेली होती. घाईघाईनं नीट केली आणि कठड्यापासून थोडा पुढं झालो.