शिरो आणि पिठले

गेल्या शुक्रवारी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी इथिओपियाचे जेवण झाले. ते रांधले आमच्याकडे वर भाड्याने राहणाऱ्या, इथल्याच विद्यापीठात शिकणाऱ्या अदिस अबाबाच्या मुलीने. तिच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथात बुधवार आणि शुक्रवार हे उपासाचे दिवस असून त्या दिवशी मांसाबरोबरच दूध, लोणी आणि अंडीही वर्ज्य असतात, हे ऐकून साबुदाण्याची खिचडी तुपात परतणारी माझी आई जराशी ओशाळलीच.

इंजेरा, म्हणजे तिकडची आंबवलेल्या पिठाची पोळी, खरे तर टेफ नावाच्या बारीक धान्याच्या पिठाची करतात. ते येथे न मिळाल्यामुळे तिने नाचणी आणि तांदळाचे पीठ तीन दिवस आंबवले होते. पहिल्या दोन इंजेरा तव्यालाच चिकटल्या. तिसरी मात्र एकाच बाजूने भाजलेली, जाळीदार आणि आंबूस अशी निघाली, अगदी आंबोळीची थोरली बहीण. त्यावर वाढलेला शिरो, म्हणजे हरभऱ्याचे पीठ कांदा आणि बेर्बेरे या तिखट मसाल्यात शिजवलेले कालवण, चाखताच आई म्हणाली, "अगं, हे तर आपलं पिठलंच!"

सगळ्यांनी एकाच ताटात जेवायचे होते, आणि त्याचीच आम्हाला चिंता होती. तेवढ्यात त्या मुलीने भला मोठा घास करून बाबांच्या तोंडात घातला. या आदराच्या घासाला गुर्शा म्हणतात. लग्नातल्या घासानंतर आपल्याला कोणी भरवल्याचे आठवत नाही, असे बाबा भरल्या तोंडाने म्हणाले, तेव्हा आईने मुकाट्याने दुसरा घास केला.

कॉफीचे हिरवे दाणे आमच्यासमोरच भाजून केलेल्या कॉफीच्या तीन फेऱ्या संपेपर्यंत बारा वाजून गेले होते.