त्याआधी काय काम करत होतात?

पोट फुगलेलं, पायांवर सूज, आणि काखेत यकृताच्या तपासण्यांची जाडजूड फाईल. काका आमच्या हृदयरोग विभागात आले ते ‘हृदय ठीक आहे ना, बघावे’ एवढ्या चिठ्ठीवर. इकोमध्ये पंपिंग चांगलं होतं. मानेच्या शिरा मात्र टरारलेल्या, आणि श्वास आत घेताना त्या ओसरण्याऐवजी आणखी वर चढत होत्या.

सीटी स्कॅनमध्ये उलगडा झाला. निरोगी हृदयावरण 2 मिलिमीटरहून पातळ असतं. काकांचं 4 मिलिमीटरच्या पुढे गेलं होतं. आवरण असं ताठर झालं की हृदयाला नीट भरता येत नाही, रक्त मागे तुंबतं, यकृत सुजतं, पोटात पाणी होतं. पहिला संशय अर्थातच क्षयाचा. तो तपासला, सापडला नाही. पण त्याच स्कॅनमध्ये फुफ्फुसांभोवतीच्या आवरणावर, दोन्ही बाजूंना, कॅल्शियम साचलेले चट्टे होते. असे चट्टे दिसले की ॲस्बेस्टॉसचा विचार करावाच लागतो.

केसपेपरवर व्यवसाय लिहिला होता ‘वॉचमन’.

“काका, त्याआधी काय काम करत होतात?”

“तरुणपणी बॉयलरवर लॅगिंग करायचो.” लॅगिंग म्हणजे उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून थर चढवणं: ॲस्बेस्टॉसची पूड पाण्यात कालवायची, पाइपांवर थापायची, जुना थर हातोडीने फोडून काढायचा. तोंडाला फार तर रुमाल. “धूळ कुठल्या कामात नसते, डॉक्टर?”

या धुळीतले तंतू शरीराला विरघळवता येत नाहीत. दाह आतल्या आत चालू राहतो आणि दुखणं अनेकदा 20 ते 40 वर्षांनी वर येतं. बहुतेकदा फुफ्फुसात, हृदयावरण आवळलं जाणं दुर्मीळ, म्हणूनच ते इतका काळ यकृताच्या नावावर खपलं.

“कामाचे कपडे कोण धुवायचं?” मी विचारलं. काकू पटकन म्हणाल्या, “मीच. आधी अंगणात झटकायचे.” ऐकून संताप आला. धोका ठाऊक असलेल्या कुणीतरी या दोघांना एका शब्दाने सांगायला हवं होतं. काकूंचाही एक्स-रे त्याच दिवशी काढला.

शस्त्रक्रियेत आवरण सोलून काढलं. बायोप्सीत क्षय नाही, कर्करोग नाही. नुसता घट्ट तंतुमय थर. डिस्चार्ज कार्डावर मी लॅगिंगचं काम, त्याची वर्षं आणि ॲस्बेस्टॉसचा संबंध स्पष्ट लिहिला. भरपाई मागायची झाली तर हाच कागद लागेल.

लॅगिंगच्या कामावरचे आणखी कोण हयात आहेत, हेही विचारलं. त्यांना तपासणीला पाठवायला सांगितलंय, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना सर्वांत आधी. कारण धूर आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका दोघांच्या बेरजेहूनही जास्त वाढतो.