मरगळलेला योगवर्ग हाती आला तेव्हा

नवा वर्ग सुरू करणं सोपं असतं, माणसं कुतूहलाने येतात. माझ्याकडे आला तो चालता वर्ग होता. आधीच्या शिक्षिकांनी सगळं पक्कं करून घेतलं होतं, इतकं की मी ‘ताडासन’ म्हणायच्या आत हात वर जायचे. सूर्यनमस्काराच्या बाराही स्थिती बिनचूक, चेहरे मात्र बसची वाट पाहणाऱ्यांचे. शवासनाची वेळ झाली की दोघं-तिघं चटई गुंडाळून निघायचे. नवीन आलेला माणूस फार दिवस टिकत नव्हता.

वर्गाची व्यवस्था पाहणाऱ्यांचं म्हणणं एकच होतं, “मॅडम, जरा एनर्जी आणा.” म्हणजे गाणी लावा, टाळ्या वाजवून घ्या, मोठ्याने बोला. माझा आवाज मुळात मोठा नाही. आणि खरं सांगायचं तर शिक्षकाने घसा ताणून आणलेला उत्साह पार्किंगपर्यंतही टिकत नाही, असं माझं मत आहे.

मी आधी नुसतं पाहायचं ठरवलं. पतंजलींनी योगाच्या वाटेतले नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, सांगितलेत. शिकवणाऱ्यांना ती यादी परीक्षेपुरती पाठ असते. मी ती रोगनिदानासारखी वापरली. आळस तर सगळ्यांनाच दिसतो, पण त्या वर्गात आळशी कोणीच नव्हतं. भल्या पहाटे उठून येणाऱ्याला आळशी कसं म्हणणार? यादीच्या शेवटी दोन अंतराय आहेत, अलब्धभूमिकत्व आणि अनवस्थितत्व: पुढची पायरी हाती न लागणं, आणि लागली तरी तिथे न टिकणं. माझ्या वर्गाचं दुखणं हेच होतं. वर्षानुवर्षं येऊनही आपलं नेमकं काय पुढे सरकलं, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

सुरुवातीचा ओंकार, शिथिलीकरण आणि शेवटचं शवासन मी जसंच्या तसं ठेवलं. वयस्कर मंडळींना त्या ठरलेल्या क्रमाचा आधार वाटतो, तो काढून घेण्यात शहाणपण नाही. बदल केला तो मधल्या भागात. महिन्याला एक विषय घ्यायचा, आणि पहिला विषय ठेवला पाऊल. ऐकून बरेच जण हसले.

एका पायावर उभं राहायचं वृक्षासन सगळ्यांना येत होतं. मी म्हटलं, आज भिंतीजवळ उभे राहा, एक हात भिंतीला अलगद टेकवा आणि डोळे मिटा. सगळी रांग डुलायला लागली. शरीराचा तोल डोळे, कानाच्या आतलं यंत्र आणि पावलांतून-सांध्यांतून येणाऱ्या जाणिवा, या तिघांवर चालतो. डोळे मिटले की उरलेल्या दोघांवर भार पडतो. घोटा थरथरतो, अंगठा जमीन धरायला बघतो, टाचेचा भार आतून बाहेर सरकतो. हे सगळं त्यांच्याच पायाखाली रोज घडत होतं, पण तिकडे लक्ष पहिल्यांदाच गेलं. चटया गुंडाळताना त्या दिवशी गलका होता. “माझा डावा पाय पक्का आहे हो, उजवाच दगा देतो!” मला हवी होती ती एनर्जी हीच.

वर्ग संपल्यावर “काय जाणवलं?” असं विचारलं की सगळे “छान वाटलं” म्हणून मोकळे होतात. प्रश्नच इतका ऐसपैस असतो की उत्तर गुळमुळीत येणारच. त्याऐवजी मी विचारायचे, “कोणत्या बाजूला श्वास अडखळला?” किंवा “टाचेवर भार जास्त होता की बोटांवर?” याला उत्तर द्यायचं तर आधी आत बघावं लागतं. उद्या काय विचारीन याचा अंदाज घेत काही जण आसन करताना आपणहून लक्ष देऊ लागले.

शेवटच्या रांगेतले एक काका कधीच काही बोलत नसत. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकताना, ते हनुवटी पुढे काढून पायांकडे हात ताणायचे आणि पाठीचं कुबड करायचे. मांडीमागचे स्नायू बैठकीच्या हाडांना जोडलेले असतात. ते आखडलेले असले की कटी (पेल्विस) मागे कलते आणि वाकण्याचं सगळं काम कंबरेला करावं लागतं. मी त्यांना विचारून बैठकीखाली जाड घडीचं ब्लँकेट दिलं, गुडघे थोडे वाकवायला लावले आणि म्हटलं, “पाय धरायचे नाहीत, पोट मांडीकडे न्यायचं.” हात नडगीपर्यंतच पोचले, पण पाठ लांब झाली. काका जरा वेळ तसेच राहिले. मग म्हणाले, “म्हणजे इतकी वर्षं मी उगाच झटापट करत होतो?” दुसऱ्या दिवशी ते पुढच्या रांगेत होते, शेजारणीला ब्लँकेटची घडी कशी घालायची ते समजावत.

त्यानंतर मी पूर्ण झालेलं आसन दाखवणं जवळजवळ थांबवलं. शिक्षिकेचं डोकं गुडघ्याला टेकलेलं दिसलं की अर्धा वर्ग मनातून हरतो. मी वाकलेल्या गुडघ्यांचंच आसन दाखवते, मग वर्गात फिरते. ‘छान, छान’ही कमी केलं. ते सगळ्यांनाच म्हटलं की कोणालाच लागत नाही. “आज पुढचा गुडघा आत कलला नाही” एवढं सांगितलं की माणूस घरी जाऊनसुद्धा ते आठवतो.

सगळ्यात जड गेलं ते गप्प राहणं. हठयोगप्रदीपिका या जुन्या ग्रंथात, पहिल्याच उपदेशात म्हणजे प्रकरणात, योग कशाने बिघडतो याची सहा कारणं दिली आहेत. त्यात प्रयास म्हणजे अतिश्रम आहे आणि प्रजल्प म्हणजे वायफळ बोलणंही आहे. लगेच पुढच्या श्लोकात योग कशाने साधतो ते येतं, आणि तिथे पहिलं नाव उत्साहाचं. आम्हा शिक्षकांचा प्रजल्प म्हणजे ‘श्वास घ्या, श्वास सोडा’ची न थांबणारी टकळी. सूर्यनमस्कारात पहिले काही माझ्या मोजणीवर आणि पुढचे ज्याच्या त्याच्या श्वासावर, असं सुरू केलं तेव्हा काही जण गोंधळून माझ्याकडेच बघत उभे राहिले. हळूहळू प्रत्येकाची लय वेगळी पडली. एका ताईंना तेव्हा कळलं की आपण एरवी दुसऱ्यांच्या वेगाला गाठायला श्वास कोंडत होतो. त्यांना उच्च रक्तदाब आहे, म्हणजे ते कोंडणं थांबणं किती बरं झालं.

उत्साह आला की त्याच्या मागून चुरसही येते, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं. दोन तरुण त्रिकोणासनात, पाय फाकवून बाजूला वाकताना, कोणाचा हात खाली पोचतो याची शर्यत लावू लागले. त्यांना मी भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि खालच्या हाताखाली वीट दिली. वरचा खांदा भिंतीला टेकवून ठेवताना दोघांनाही घाम फुटला आणि शर्यत आपोआप मिटली.

खाडे करणाऱ्यांना मी विचारत नाही, “इतके दिवस कुठे होतात?” बरेच जण आळसाने नाही, संकोचाने गळतात. परत आलेल्याला मी फक्त सांगते की आपण सध्या कुठे आहोत आणि त्याने कुठून सुरुवात करावी.

संध्याकाळच्या तुकडीत यातलं निम्मंही चालत नाही. ती माणसं दिवसभर खुर्चीत बसून दमून येतात, त्यांच्यापुढे पावलांचे प्रश्न ठेवले तर जांभया येतात. म्हणून तिथे वर्ग उलटा चालवते. आधी भिंतीला पाय लावून विपरीत करणी, मग कुशीवर वळून उठणं, आणि उभी आसनं शेवटी. गेल्या आठवड्यात त्यांनीच पुढच्या महिन्याचा विषय मागितला, मान. सकाळच्या लोकांना हे कळल्यापासून त्यांनाही मानच हवी आहे.