अनुवादाची नोंदवही : चोवीसपैकी चोवीस

९ फेब्रुवारी, प्रकरण १ आणि २

स्टीफन क्रेनची 'द रेड बॅज ऑफ करेज' मराठीत करायला घेऊन तीन आठवडे झाले. हाताशी दोनच प्रकरणं, तीही कच्ची. कादंबरी १८९५ ची, लेखक १९०० साली अठ्ठाविसाव्या वर्षी क्षयानं गेला, त्यामुळे हक्कांची भानगड नाही. गोष्ट अमेरिकेतल्या यादवी युद्धाची. हेन्री फ्लेमिंग हा शेतावर वाढलेला पोरगा उत्तरेच्या निळ्या फौजेत भरती होतो आणि लढाईत त्याच्या मनाचं काय काय होतं, बस्स. क्रेन लढाईचं नाव घेत नाही. ती १८६३ च्या मे महिन्यातली, व्हर्जिनियातल्या चॅन्सलर्सव्हिलची, असं धरून चालतात.

पहिली ठेच पहिल्याच पानावर. उंच शिपाई ओढ्यावर सदरा धुवायला जातो आणि तोच सदरा निशाणासारखा फडकवत बातमी आणतो, की उद्या कूच आहे. दुसऱ्या दिवशी कूच होत नाही. मी 'अफवा' लिहिलं होतं. मामांना वाचून दाखवलं. मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत आणि या कामातले माझे एकमेव श्रोते आहेत. म्हणाले, "अफवा काय गं? लंगरगप म्हण. रोट्या वाढताना वाढतात त्या." शब्द लगेच घेतला.

आईचा प्रसंग मात्र सहज उतरला. पोरानं निरोपासाठी मनात भारदस्त वाक्यं रचून ठेवलेली, आणि ती बटाटे सोलत सोलत मोज्यांच्या आठ जोड्या आणि जॅमची गोष्ट करते. तो फाटकातून मागे वळून बघतो तर ती सालपटांत गुडघे टेकून बसलेली, तोंड वर, डोळ्यांतून धारा. तो मान खाली घालतो. त्याला एकदम आपल्या बेतांची लाज वाटते. मराठी आई वेगळी वागली असती असं मला वाटत नाही.

२२ फेब्रुवारी, अजून प्रकरण ३

नावाचा घोळ. संवादात हेन्री म्हणतात, पण निवेदक त्याला जवळजवळ सगळीकडे 'द युथ' म्हणतो. 'तरुण' शाळेच्या निबंधातला वाटतो. 'युवक' म्हटलं की शिबिर आठवतं. मामा म्हणाले, "जवान लिही की. तरणा पण झाला आणि शिपाई पण झाला." इतका चपखल शब्द की दोन दिवस मी हरखले होते. मग तिसरं प्रकरण सलग वाचलं. वाटेत पडलेलं प्रेत, त्याच्या बुटांचे तळ कागदासारखे झिजलेले, आणि ते बघत जाणारा 'जवान'. जमेना. आपल्याकडे जवान म्हटलं की मागे बँड वाजायला लागतो. हा तर रात्रभर एकच विचार करतोय, की ऐन वेळी मी पळालो तर?

'पोरगा' ठरलं. मामा नाराज आहेत.

१६ मार्च, प्रकरण ५ ते ७

वेग वाढला, दिवसाला दोन पानं पडतायत. पाचव्यात पहिला हल्ला. हेन्री गोळ्या झाडतो आणि त्याला स्वतःचा विसर पडतो, तो पलटणीचा एक अवयव होतो. सहाव्यात शत्रू पुन्हा येतो आणि हा पळतो. मी आधी 'पळून गेला' लिहिलं. त्यात बेत आहे, बोचकं बांधणं आहे. 'पळत सुटला' केलं, कारण ठरवायला त्याला वेळच मिळत नाही.

खरी मजा सातव्यात. मागे राहिलेल्यांनी फळी राखली हे त्याला कळतं. आता आपण शहाणपणानंच पळालो हे पटवून देणं आलं, तेही स्वतःलाच. तो खारीला पाइनचं बोंड फेकून मारतो, खार झाडावर पळते, आणि याला पुरावा मिळतो, बघा, सृष्टीचा नियमच हा! मग फांद्यांनी गाभाऱ्यासारख्या झालेल्या जागेत शिरतो. तिथे झाडाला टेकून एक मेलेला शिपाई बसलेला. निळा गणवेश उडून हिरवट झालाय, तोंडावर मुंग्या. सृष्टीचा नियम तिथेच बसून त्याच्याकडे बघत असतो. ते वाक्य मी पाच वेळा लिहिलं आणि दर वेळी लांबलं. शेवटी मुंग्यांना ओठावर नुसतं चालू दिलं.

या माणसानं युद्ध पाहिलेलं नव्हतं. युद्ध १८६५ ला संपलं, हा १८७१ चा. बातमीदार म्हणून ग्रीसला गेला तो १८९७ मध्ये, पुस्तकानंतर. मामांचा यावर अजूनही विश्वास नाही.

१२ एप्रिल, प्रकरण ९ (दोनदा)

एकदा केलेलं प्रकरण जुन्या फाइलीखाली गाडून टाकलं. दोष माझाच.

उंच शिपाई, जिम कॉन्क्लिन, उभ्यानं मरतो, आणि प्रकरणाच्या शेवटी लाल सूर्य आभाळाला 'वेफर'सारखा चिकटवलेला असतो. आता 'वेफर' लिहावं तर वाचकाला बटाट्याचे दिसणार. समीक्षकांचं भांडण वेगळं आहे. कुणाला त्यात चर्चमधला प्रसाद दिसतो, कुणाला पाकीट बंद करायची लाल चकती. मला सुचली 'टिकली', आणि सुचली तेव्हा फार आनंद झाला. लाल, गोल, चिकटवलेली. पण आभाळाला टिकली म्हटलं की सौभाग्य आलंच. जिमच्या प्रेतावर मला ते नको होतं. 'लाल सूर्य आभाळाला चकतीसारखा डकवलेला होता.' थोडं कोरडं आहे, राहू दे.

४ मे, प्रकरण ८ ते १३ पुन्हा

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि कारण एकच क्रियापद. लागणं.

जखमींच्या रांगेत एक फाटका माणूस हेन्रीच्या बाजूनं चालत असतो. दंडाला जखम, डोक्याला रक्तानं माखलेलं फडकं, तरी आपुलकीनं विचारतो, "तुला कुठं लागलंय?" हेन्रीला काहीच लागलेलं नाही. तो गर्दीत सटकतो. त्याला वाटतं, आपल्यालाही एक जखम असती तर. हाच तो शौर्याचा लाल बिल्ला. (शीर्षकात 'पदक' घेतलं नाही, पदक सरकार देतं. 'बिल्ला' म्हटल्यावर स्टेशनवरचा हमाल आठवतो हे कबूल.) दहाव्यात, जिम गेल्यावर, फाटका माणूस पुन्हा तेच विचारतो. आता त्याची शुद्ध हरपत चाललेली असते, आणि हेन्री त्याला शेतात भरकटत सोडून निघून जातो.

बाराव्यात जखम मिळते. पळणाऱ्या आपल्याच एका शिपायाचा हात हेन्री धरतो, तो सुटण्यासाठी बंदूक त्याच्या डोक्यात हाणतो. रात्री पलटणीत परतल्यावर हेन्री सांगतो की डोक्याला गोळी लागली. पलटणीतला सोबती विल्सन पट्टी बांधतो, आपलं पांघरूण देतो. कॉर्पोरल जखम बघून म्हणतो, कुणी सोटा हाणावा तसं टेंगूळ आलंय. तरी कुणालाच संशय येत नाही.

घोटाळा मराठीचा. 'डोक्याला लागलं' एवढंच लिहिलं तर हेन्री खोटं बोलतच नाही! आपलं 'लागणं' गोळीलाही चालतं आणि चौकटीलाही. वाक्य ऐकायला इतकं गोड की तीन दिवस तसंच ठेवलं होतं. पण मग पोरगा फुकटात सुटतो. त्याला स्वच्छ खोटं बोलावं लागलं पाहिजे. 'गोळी लागली' केलं. फाटक्या माणसाच्या तोंडी 'लागलंय' तसंच ठेवलं, म्हणजे दोन्ही वाक्यं एकमेकांना ऐकू यावीत.

सैनिकांची बोली अजून अर्धवटच आहे. 'रं', 'न्हाई' वापरलं की अख्खी पलटण कोरेगावची होते. 'कुठं', 'नाय'पर्यंतच जातेय.

२५ मे, प्रकरण १४ ते २३

विल्सनचं मला कौतुक वाटतं. तो बडबड्या, फुशारक्या मारणारा. लढाईआधी मरणाच्या धास्तीनं घरी पाठवायचं पाकीट हेन्रीकडे देऊन ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी शांत होऊन ते परत मागतो. त्याचा बदल क्रेन पडद्याआडच उरकतो. हेन्रीच्या बदलाला मात्र चोवीस प्रकरणं, आणि तीही सरळ चढणीची नाहीत. कारण परत आल्यावर हेन्री शहाणा होत नाही, माजतो. आपलं पळणं कुणी पाहिलं नाही या बळावर तो पळालेल्या इतरांना मनातल्या मनात नावं ठेवतो.

सतराव्यात तो इतका चेकाळून लढतो की शत्रू गेल्यावरही गोळ्या झाडत राहतो. ही शूरताही पळण्यासारखीच घडून जाते, करणारा भानावर नसतो. मी दोन्हीकडे मुद्दाम 'सुटला' ठेवलंय, 'पळत सुटला' आणि 'झाडत सुटला'. मूळात अशी जोडी नाही. बरोबर केलं का, सांगा.

अठराव्यात वरचा अधिकारी या पलटणीला खेचरं हाकणारे म्हणतो. मामा रागावले. "डोंगरावर खेचरं नसती तर आम्ही उपाशी मेलो असतो!" पण तेवढ्या शब्दानं हेन्रीला कळतं की आपण किती किरकोळ आहोत, आणि एकोणिसाव्यात निशाण तो हातात घेतो. ध्वज, झेंडा सगळं खोडून 'निशाण' केलं. मामांच्या परेडवर निशाणटोळीच असायची.

१४ जून, प्रकरण २४

संपलं. १९८२ साली हस्तलिखितावरून निघालेली आवृत्तीही आहे. मी १८९५ च्या छापील पाठावरच राहिले.

मध्यंतरी वाटत होतं की निशाण उचलल्यापासून 'पोरगा' सोडून 'तरुण' करावं, म्हणजे वाढ दिसेल. बरं झालं केलं नाही. क्रेन शेवटापर्यंत तोच शब्द धरून ठेवतो आणि मग एकदम एका छोट्या वाक्यात म्हणतो की तो 'मॅन' झाला होता. मधल्या पायऱ्या बांधल्या असत्या तर ही उडीच गेली असती. आता 'मॅन' म्हणजे काय? पुरुष म्हटलं तर मिशा फुटल्या. मामांचं 'गडी' आवडलं, पण त्यात शाबासकी आहे. 'माणूस झाला' यात जरा जास्तच सुधारणा होते, हे मला दिसतं. तरी तेच घेतलं, कारण चोवीसाव्यातही त्याला शेतात सोडलेल्याची आठवण छळते, आणि त्याला मी आठव्यापासून 'फाटका माणूस' म्हणत आलेय.

मग पुढचा परिच्छेद टाइप करायला लागले आणि थबकले. पाऊस येतो, पलटण चिखलातून शिव्या देत रखडत चाललीय, आणि हसतो कोण? पुन्हा 'द युथ'. एवढं माणूस म्हणून झाल्यावर क्रेन त्याला पुन्हा पोरगा करतो. इतकी वर्षं हे पुस्तक वाचतेय, हे कधी दिसलं नव्हतं.

रात्री मामांना शेवटचं पान वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"तो शेतातला फाटका माणूस," मग म्हणाले, "त्याचं काय झालं?"

"लिहिलेलं नाही, मामा."

"हं," म्हणाले, आणि उठून दाराची कडी लावायला गेले.

दहावं प्रकरण उद्यापासून पुन्हा घेतेय.