पोरगं लई हुशार आहे, हात बघा त्याचा

सोलापूरच्या नव्या पेठेत कुठल्याही मोबाईल नाहीतर कॉम्प्युटर रिपेरिंगवाल्याला विचारा, डेड माल कुठं जातो. सगळ्यांचं उत्तर एकच, भंगारवाला मामा येतो, काट्यावर टाकतो, बोर्ड वेगळे, वायर वेगळी, बॉडी वेगळी, रोख पैसे देतो आणि जातो. माझ्या दुकानात पण हेच चालतं. बोर्डाला भाव चांगला, कारण त्यात तांबं आहे, थोडं सोनं आहे, आणि टनभर सर्किट बोर्डात जेवढं सोनं निघतं तेवढं खाणीतल्या टनभर दगडात पण निघत नाही. म्हणूनच हा धंदा बंद पडत नाही आणि पडणार पण नाही.

दिवाळीच्या साफसफाईत लोकं जुने डबडे टीव्ही आणून टाकतात दुकानात, आम्ही टीव्ही घेत नाही म्हटलं तरी "ठेवा ओ, काहीतरी कामाला येईल" म्हणून पायरीवर सोडून जातात. ते साठलं होतं, मामाचा टेम्पो बिघडला होता, म्हणून मीच छोटा हत्ती करून त्याच्या गोडाऊनला गेलो. अक्कलकोट रोडच्या बाजूला पत्र्याचं शेड आहे.

तिथं एक पोरगं बसलं होतं, बारा-तेरा वर्षाचं असेल. मी उभा असतानाच त्यानं एक टीव्ही उघडला. मागचं कव्हर काढलं, पिक्चर ट्यूबच्या मानेवर हातोडीचा बारीक ठोका दिला, सुस्स करून आत हवा शिरली, मग मानेवरची तांब्याची कॉईल, म्हणजे योक, अशी काही ओढून काढली की मी इतकी वर्षं पाना-पक्कड धरतोय पण मला ते इतक्या लवकर जमणार नाही. शेजारी स्पीकरचं फुटकं मॅग्नेट ठेवलेलं, प्रत्येक स्क्रू, प्रत्येक पट्टी त्याला लावून बघायचा, चिकटलं तर लोखंडाच्या डब्यात, नाही चिकटलं तर पितळ का अॅल्युमिनियम ते वजनावरून कळतंय त्याला. पायात स्लीपर, हातात काही नाही. फुटलेल्या ट्यूबच्या आतली पांढरट पावडर त्याच्या गुडघ्यावर पडलेली आणि त्याच हातानं तो मधेच पुड्यातले चिरमुरे खात होता.

मामा कौतुकानं म्हणाला, "मालक, पोरगं लई हुशार आहे, हात बघा त्याचा. आमच्या मेव्हण्याचंच आहे, शाळा सुटल्यावर येतंय मदतीला."

मंगळवार होता आणि सकाळचे अकरा वाजले होते.

तर मला बोलायचंय ते या "मदतीला" वर. कारण आपल्या सोलापुरात हे आपण आधी बघितलेलं आहे की. पूर्व भागात ज्यांचं लहानपण गेलं त्यांना माहितीये, आई विड्या वळायला बसली की पोरी शेजारी बसायच्या, कुणी पानं कातरायची, कुणी दोरा बांधायची, कुणी विडीची तोंडं मिटायची, हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय मजुरी नाही मग घरातली सगळी बोटं लागायची. पण मजूर म्हणून कार्डावर नाव एकट्या आईचं. पोरीला कुणी कामगार म्हटलंच नाही, ती "आईला मदत" करत होती. १९६६ चा विडी कामगारांचा कायदा आहे, त्यात सुद्धा स्वतःच्या घरात घरच्या माणसांना घेऊन स्वतःचाच धंदा करणाऱ्याला सूट ठेवलेली आहे. नंतर राष्ट्रीय बालकामगार प्रकल्पाच्या शाळा निघाल्या, नऊ ते चौदा वयाच्या कामावरून सोडवलेल्या मुलांसाठी, सोलापूर जिल्ह्यात पण होत्या, पुढं ती योजना समग्र शिक्षा या सरकारच्या शालेय शिक्षणाच्या योजनेत विलीन करून टाकली.

आता तोच प्रकार तारा आणि बोर्डाच्या बाबतीत. २०१६ ला बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. चौदाच्या आतल्या मुलाला कुठल्याच कामावर ठेवायचं नाही, चौदा ते अठराला धोक्याच्या कामावर नाही, ठेवला तर मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद नाहीतर वीस ते पन्नास हजार दंड, किंवा दोन्ही. वाचायला भारी वाटतं. पण त्यातच एक खिडकी उघडी ठेवलीये, कुटुंबाच्या धंद्यात शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत मूल मदत करू शकतं, फक्त काम धोक्याचं नको. आणि कुटुंबात मामा, काका, आत्या सगळे धरलेत. बरं मग धोक्याचं आहे का नाही हे ठरवायला त्या शेडात येतंय कोण? रस्त्यावरच्या हॉटेलात कप धुणारा पोऱ्या निदान दिसतो तरी, कुणीतरी १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाईनला, फोन लावतं. घरात नाहीतर पत्र्याआड बसलेला भाचा कुणाला दिसणार.

आणि धोक्याचं म्हणजे किती, तर मोठ्या टीव्हीच्या ट्यूबच्या काचेत शिसं किलोच्या हिशोबात असतं. जुन्या बोर्डाचं सोल्डर म्हणजे कथिल आणि शिसं. बोर्ड तापवून आयसी, म्हणजे चिप, उपटतात तेव्हा तो धूर सरळ नाकात. बारीक वायर सोलत बसायला परवडत नाही म्हणून ती जाळतात, वरचं पीव्हीसी प्लास्टिक जळालं की डायॉक्सिन नावाचं विष तयार होतं. सोनं काढायला ॲसिड लागतं ते काम इथं होताना मी बघितलं नाही, मामा म्हणतो बोर्ड पुढं जातात, दिल्लीकडं. दिल्लीत सीलमपूर आणि यूपीत मुरादाबाद ही त्याची मोठी ठिकाणं आहेत. पोटात गेलेलं शिसं लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं असं डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, सांगतं, आणि त्याचा मार मेंदूवर बसतो, अभ्यास, लक्ष, बुद्धी. म्हणजे ज्या हुशारीचं मामा कौतुक करतोय तीच जातीये, आणि हे मी मामाला असंच्या असं बोललो तर तो हसला, "आम्ही पण लहानपणापासून हेच केलंय मालक, काय झालंय आम्हाला?" आता याला काय उत्तर देणार.

जगाचं मोजायचं तर २०२२ सालात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. बाकीचा कुठं गेला ते शोधायला लांब जायची गरज नाही, त्यातला थोडा माझ्या दुकानातून गेलाय.

आपल्याकडं २०२२ चे ई-कचरा नियम आहेत, १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, कंपन्यांनी रजिस्टर्ड रिसायकलरकडून माल रिसायकल झाल्याचं सर्टिफिकेट घ्यायचं, राज्याच्या कामगार खात्यानं या कामातल्या मजुरांची नोंदणी करायची वगैरे. मी एका रजिस्टर्ड कंपनीला फोन लावला तर म्हणे सोलापूरला गाडी पाठवायची तर निदान एक टन माल पाहिजे. आणि भाव मामापेक्षा कमी. आता माझ्यासारख्या दुकानदाराकडं टन व्हायला किती वर्षं जातील!

कुणी म्हणेल, मग मामाच्या आणि त्या पोराच्या घरच्या पोटाचं काय. बरोबर आहे. त्याची आई घरी बोर्डावरनं कंडेन्सर तोडते, किलोवर पैसे मिळतात. विडीसारखंच, दर इतका कमी की एकटीच्या हातानं भागत नाही आणि मग पोराचे हात लागतात. तिला नीट मजुरी, हातमोजे आणि नोंदणी मिळाली तर पोरगं अकरा वाजता वर्गात बसेल, हे मला वाटतं, सिद्ध करता येणार नाही मला.

सध्या एवढंच केलंय की पिक्चर ट्यूब आणि बोर्ड मामाला देणं थांबवलं, वायर आणि पत्रा देतो. माळा भरलाय, घरून शिव्या चालू आहेत. आमच्या लायनीतले दोघं दुकानदार माल एकत्र करायला तयार झालेत, तिसऱ्यानं पहिल्यांदा भाव विचारला आणि मग बघू म्हणाला. नव्या पेठेत किंवा सात रस्त्याला अजून कुणाकडं डेड बोर्ड पडून असतील तर दुकानात येऊन भेटा, टन भरला की गाडी बोलावतो, भाड्याचं आपण वाटून घेऊ.