माईकसमोर कोण उभं राहणार?

न्यू ऑर्डर हा इंग्लिश बँड म्हटलं की लोकांना 'ब्लू मंडे' हे त्यांचं नाचायचं गाणं आठवतं. मलाही तेच आठवायचं, आणि त्यांचा पहिला अल्बम 'मूव्हमेंट' मी कॉलेजात असताना अर्धा ऐकून सोडून दिला होता, कारण मला नाचायचं होतं आणि इथे सगळे सुतकात बसल्यासारखे वाजवतायत. सुतक हा शब्द तेव्हा मी चेष्टेने वापरला होता.

पण ते खरंच सुतकच होतं की. मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन या बँडचा गायक इयन कर्टिस १८ मे १९८० ला गेला, आत्महत्या, वय २३, आणि पहिल्यावहिल्या अमेरिका दौऱ्यावर निघायला एक दिवस उरला होता. कोणी एक जरी कमी झाला तरी जुनं नाव वापरायचं नाही असं आधीच ठरलेलं, त्यामुळे मागे राहिलेल्या तिघांकडे ना नाव ना गायक. हेच तिघे पुढे न्यू ऑर्डर झाले. सुरुवातीला तर तिघांनी आळीपाळीने गाऊन बघितलं. 'सेरेमनी' हे कर्टिसच्या काळातलंच गाणं पण शब्द कुठे लिहिलेलेच नव्हते, मग टेप इक्वलायझरमधून फिरवून फिरवून तो काय म्हणतोय ते कानात प्राण आणून शोधायचं. मेलेल्या मित्राचं पुटपुटणं असं परत परत ऐकायचं म्हणजे काय होत असेल, मला तर विचारही करवत नाही.

आमच्या घरी आरती कायम आजोबा सुरू करायचे. ते गेल्यानंतरच्या गणपतीत निरांजन लागलं, टाळ हातात, आणि सगळे एकमेकांकडे बघत उभे. शेवटी काकांनी 'सुखकर्ता' उचललं ते थेट आजोबांच्याच खालच्या पट्टीत, जी त्यांना अजिबात झेपत नव्हती, घसा नुसता खरखरत होता. पट्टी वर घ्या असं म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही.

मागच्या आठवड्यात रात्री भांडी घासताना 'मूव्हमेंट' लावला तेव्हा मला नेमका काकांचा तो आवाज आठवला. तिघांपैकी गिटारवाला बर्नार्ड सम्नर इथे कर्टिसच्या पट्टीत गायला बघतो आणि त्याला ते जमत नाही, त्याचा खरा आवाज हलका, जरासा पोरगेलासा, तो पुढच्या अल्बममध्ये सापडला. त्यात निर्माता मार्टिन हॅनेट, जॉय डिव्हिजनचे अल्बम त्यानेच केलेले, त्याने हे आवाज इतके मागे ढकललेत की कोणीतरी शेजारच्या खोलीत दार लावून गातंय असं वाटतं. बँडलाही हे मिक्सिंग आवडलं नव्हतं, पुढे त्यांनी स्वतःच निर्मिती करायला घेतली. एक आहे, ढोल मात्र काय वाजलेत! स्टीफन मॉरिस एकटाच असा आहे की ज्याला नवीन काही शिकायचं नव्हतं. 'चोझन टाइम' मी अजूनही पुढे ढकलते, सगळंच काही ग्रेट नाहीये.

नोव्हेंबर १९८१ ला आला हा अल्बम, गाणी आठच. पहिलं गाणं 'ड्रीम्स नेव्हर एंड' सम्नर गातच नाही, बासवाला पीटर हूक गातो. गिटार सुरू होते, चालत राहते, चालतच राहते, आणि आवाज काही येत नाही. पूर्वी मला ही लांबण वाटायची. आता वाटतं सगळे माईककडे बघतायत आणि पुढे कोणी होत नाहीये.

सातवं 'डाउट्स इव्हन हियर' पण हूकचंच. त्यात मागे एक बाई काहीतरी बोलते, गात नाही, नुसती बोलते. ती जिलियन गिल्बर्ट, १९८० च्या ऑक्टोबरमध्ये बँडमध्ये आलेली, म्हणजे घरात सगळं घडून गेल्यावर आलेली नवी माणूस. इतक्या वर्षांत ती बोलते हे मला कळलंच नव्हतं. मी नळ बंद केला, साबणाच्या हातानेच गाणं मागे नेलं आणि परत ऐकलं.