मशीन ड्रॉवरमध्ये पडून आहे

वेबसाइटवर कोण येतं आणि खरं तर कोण यायला हवं, हे शोधून काढणं हा माझा पेशा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, यात कीवर्ड आणि जाहिराती याशिवाय काय असणार? प्रत्यक्षात बराच वेळ जातो तो कंपनीच्या मनातला वाचक आणि प्रत्यक्षातला वाचक यांची ओळख करून देण्यात. ती करून देताना कुणाचं ना कुणाचं मन दुखावतंच.

हे प्रकरण श्रवणयंत्रं विकणाऱ्या एका कंपनीचं. वर्षभरात वेबसाइटच्या भेटी दुपटीच्या वर गेल्या होत्या, आणि कानाच्या तपासणीसाठी येणाऱ्या अपॉइंटमेंट होत्या तिथेच होत्या. त्यांची डिजिटल एजन्सी दरमहा रंगीत आलेखांचा अहवाल पाठवायची आणि सुचवायची, की फॉर्मच्या बटणाचा रंग बदलून बघू. या धंद्यात बटणाच्या रंगावर जितकी चर्चा होते, तिच्या पावपट जरी वाचकावर झाली असती तर माझ्यासारखीला कुणी बोलावलं नसतं.

भेटी कुठून वाढल्या हे पहिल्या तासाभरातच कळलं. कानातला मळ घरी कसा काढावा, या एका लेखावर निम्म्याहून अधिक लोक उतरत होते. लेख चांगला होता. कापसाची काडी घालू नका, मळ आणखी आत ढकलला जातो; तेलाचे थेंब टाकून तो मऊ होऊ द्या; पू येत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर काहीही न टाकता डॉक्टरांकडे जा. कानाला दडा बसलेला माणूस येतो, हे वाचतो, त्याचं काम होतं आणि तो जातो. आता गंमत मापाची आहे. गूगल अ‍ॅनालिटिक्स, म्हणजे साइटवरच्या भेटी मोजणारं साधन; त्याच्या सध्याच्या आवृत्तीत भेट दहा सेकंदांपेक्षा जास्त टिकली, तरी ती ‘एंगेज्ड’ धरली जाते. मळाचा लेख वाचायला दहा सेकंद सहज लागतात. त्यामुळे अहवालात हे सगळे वाचक कंपनीत रस असलेले म्हणून मोजले जात होते.

इथवर नेहमीचंच होतं. खरी चीड आली ती पुढे. एजन्सीने याच वाचकांची यादी बियाणं म्हणून वापरून सोशल मीडियावर ‘लुकअलाइक ऑडियन्स’ बनवला होता. म्हणजे यंत्रणेला सांगायचं, हे आमचे लोक, यांच्यासारखे आणखी शोध. यंत्रणा आज्ञाधारक असते. तिने मळ साचलेल्या कानांची तरुण माणसं आणखी शोधली आणि त्यांना वृद्धांच्या श्रवणयंत्राची जाहिरात दाखवली. त्यांतल्या काहींनी कुतूहलाने क्लिक केलं आणि तेही बियाण्यात जमा झाले. महिन्यागणिक वाचक वाढत होता आणि महिन्यागणिक तो कंपनीपासून लांब जात होता.

मग मी वेबसाइटच्या आतल्या शोधपेटीचा अहवाल मागितला. माझा सगळ्यात जास्त विश्वास याच अहवालावर असतो. बाहेर गूगलवर माणूस काय शोधतो त्याचा थोडाच भाग आपल्यापर्यंत येतो. गूगलवर काय शोधून लोक आपल्या साइटवर आले हे दाखवणारं सर्च कन्सोल १६ महिन्यांचीच माहिती ठेवतं, पडद्यावर १००० ओळीच दाखवतं आणि फार थोड्या लोकांनी विचारलेले प्रश्न खासगीपणासाठी दडवतं. लांबलचक, मनातले प्रश्न नेमके त्या दडवलेल्यांत जातात. वेबसाइटच्या आत येऊन पेटीत टाइप करणारा माणूस मात्र थेट तुमच्याशी बोलत असतो.

अहवाल कोरा होता. एजन्सीचं म्हणणं, आमच्या साइटवर लोक शोधपेटी वापरतच नाहीत.

असं होत नाही. माझ्या अनुभवात तरी पेटी दिसली की कुणीतरी टाइप करतंच. मी स्वतः एक शब्द शोधून पत्त्याची ओळ बघितली आणि कारण सापडलं. अ‍ॅनालिटिक्स आतला शोध ओळखतं ते पत्त्यात शोधलेल्या शब्दाआधी येणाऱ्या ठरावीक नावांवरून. आपण काही बदललं नाही तर क्यू, एस, सर्च, क्वेरी आणि कीवर्ड ही पाचच नावं त्याला माहीत असतात. या साइटच्या प्रोग्रामरने भलतंच नाव ठेवलं होतं. सेटिंगमध्ये ते नाव भरायला मिनिटभरही लागत नाही, पण मागचं काही परत येत नाही. साइट सुरू झाल्यापासून लोकांनी जे काही विचारलं, ते अहवालापुरतं झालंच नव्हतं.

सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र प्रत्येक मागणीची ओळ पडलेली असते. होस्टिंगवाले जुने लॉग ठरावीक मुदतीने पुसतात, तरी काही आठवड्यांचे हाती लागले. पत्त्यात देवनागरी जशीच्या तशी जात नाही. प्रत्येक अक्षराचे आणि प्रत्येक काना-मात्रेचे तीन तुकडे होतात आणि दर तुकड्यासाठी टक्क्याची खूण आणि दोन चिन्हं. ‘बाबा’ एवढ्याशा शब्दाची ३६ चिन्हं होतात. त्यामुळे लॉग उघडला की टक्क्यांचं रान दिसतं आणि लोक तो बंद करतात. मी ते रान उलट मराठीत आणणारी छोटी स्क्रिप्ट जवळ ठेवते. रोमन लिपीत टाइप केलेलं मराठी वेगळं काढलं, बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्राम, वगळले, आणि वाचायला बसले.

बाबा मशीन लावत नाहीत.

मशीन लावल्यावर आईचं डोकं दुखतं.

मशीन शिट्टी मारतं.

मशीन ड्रॉवरमध्ये पडून आहे परत घेता का.

आजोबा म्हणतात ऐकू येतं तुम्हीच पुटपुटता.

उत्पादनांची नावं शोधणारे होते, बॅटरीचा नंबर शोधणारे होते, पण या सुरातल्या ओळी पुन्हापुन्हा येत होत्या. आणि साइट प्रत्येकाला एकच उत्तर देत होती, ‘काहीही सापडलं नाही. कृपया दुसरा शब्द वापरून पाहा.’ पेटी फक्त उत्पादनांच्या शीर्षकांत शोधत होती. घरातल्या माणसाच्या काळजीने कुणी एक अख्खं वाक्य लिहितो आणि त्याला सांगितलं जातं की शब्द बदल. मी बरेच लॉग वाचलेत, पण त्या सकाळी मला उठून जरा चालून यावं लागलं.

दुपारी त्यांच्या फोनवर बसणाऱ्या ताईंकडे गेले. त्यांच्याकडे एक जाड रजिस्टर होतं. तारीख, नंबर आणि फोन करणाऱ्याने काय विचारलं, ते त्याच्याच शब्दांत. कुणी सांगितलं नव्हतं, ताई आपण होऊन लिहायच्या. पानं चाळली तर सकाळचीच वाक्यं, फक्त एक गोष्ट जास्तीची. ‘मशीन घेऊन आठवडा झाला’, ‘गेल्या महिन्यात घेतलं’. म्हणजे यंत्र विकत घेऊन झालं होतं. ताई म्हणाल्या, “मॅडम, म्हातारं माणूस स्वतः फोन करतच नाही. लेक करते, नाहीतर सून. आणि आधी विचारतात, बाबांना कळणार नाही ना मी फोन केलाय ते.” हे रजिस्टर मार्केटिंगच्या कुणी बघितलंय का, विचारलं. नव्हतं. त्या कंपनीत वाचकाला ओळखणारी व्यक्ती एकच होती आणि तिला एकाही बैठकीला बोलावलेलं नव्हतं.

संध्याकाळी बैठक. ओळी दाखवण्याआधी मी आयपी पत्ते (कोणत्या इंटरनेट जोडणीवरून मागणी आली ते सांगणारे आकडे) आणि वेळेचे रकाने काढून टाकले, एकदोन ओळींत नावं होती त्या गाळल्या. हा माझा हट्ट आहे. २००६ साली एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने सुमारे साडेसहा लाख लोकांचे शोध, नावांऐवजी आकडे घालून, संशोधनासाठी जाहीर केले होते. पत्रकारांनी नुसत्या शोधांवरून एका बाईंना हुडकून त्यांचं घर गाठलं. माणूस शोधपेटीत जे लिहितो ते शेजाऱ्याला सांगत नाही, हे आमच्या धंद्यातल्या लोकांनी विसरता कामा नये.

मार्केटिंगच्या प्रमुखांनी ओळी वाचल्या आणि म्हणाले, “हे आपले ग्राहक नाहीत. ज्याला ऐकू येत नाही तो आपला ग्राहक.” त्यांच्याकडे तयार पर्सोना, म्हणजे नमुन्यादाखल कल्पिलेला ग्राहक, होता, पासष्टीचा, निवृत्त, तंत्रज्ञानाची आवड असलेला, हसऱ्या चेहऱ्याचा. त्यांनी मन लावून बनवलेला होता. फक्त तो माणूस लॉगमध्ये कुठे नव्हता, रजिस्टरमध्येही नव्हता.

कोंडी फोडली ती त्यांच्याच ऑडिओलॉजिस्टबाईंनी, म्हणजे कान तपासून यंत्र बसवणाऱ्या तज्ज्ञांनी. त्यांनी सांगितलं ते मी जवळजवळ शब्दशः लिहून घेतलं. वयाबरोबर कान जातो तो आधी वरच्या पट्टीत. स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात, ते ऐकू येत राहतात. स, श, फ अशी व्यंजनं वरच्या पट्टीत आणि हलकी असतात, ती गळतात. म्हणून माणसाला आवाज येतो, शब्द उमगत नाही. त्याच्या दृष्टीने त्याचा कान ठीक आहे आणि समोरचा पुटपुटतोय. “तो खोटं बोलत नसतो,” बाई म्हणाल्या. “त्याला खरंच तसंच ऐकू येतं.” ज्याला आपला कान ठीक वाटतो, तो श्रवणयंत्र शोधायला वेबसाइटवर कशाला येईल? येणार ती त्याची मुलगी.

त्या बैठकीत मला आणखी एक कोडं सुटल्यासारखं वाटलं. शोधामागचे हेतू आम्ही अजूनही संगणकशास्त्रज्ञ आंद्रेई ब्रोडर यांनी २००२ साली केलेल्या तीन गटांत बसवतो: ठरावीक ठिकाणी पोचायचंय, माहिती हवीय, किंवा काही व्यवहार करायचाय. ‘बाबा मशीन लावत नाहीत’ हे यांतलं कशातच नीट बसत नाही. त्यात प्रश्नचिन्हही नाही. लिहिणारीला बहुधा एवढंच हवं असतं की हे आणखी कुणाच्या घरी होतं का, आणि होतं तर पुढे काय करतात.

ते पान ऑडिओलॉजिस्टबाईंनी लिहिलं, मी फक्त क्रम लावला. आजवर इतक्या साइटींचा मजकूर हाताखालून गेला, पण इतकं उपयोगी पान क्वचित पाहिलंय. स्वतःचा आवाज घुमतो, कारण कानाची नळी बंद झाल्यावर हाडांतून येणारा आवाज आत कोंडतो. साच्यातलं, म्हणजे यंत्राच्या कानात बसणाऱ्या भागातलं, भोक मोठं करून तो कमी करता येतो, तेव्हा सहन करत बसू नका, परत या. शिट्टी येते ती आवाज कानातून निसटून पुन्हा माइकमध्ये शिरतो म्हणून; साचा नीट बसलाय का ते आधी बघा. भांडी, नळ, कागदाची सळसळ असह्य वाटते, कारण मेंदू हे आवाज कित्येक वर्षांनी ऐकतोय आणि त्याला ते पुन्हा मागे ढकलायला काही आठवडे लागतात. सुरुवात शांत खोलीत, एका माणसाशी बोलताना, दिवसाचे थोडे तास. लग्नसमारंभात पहिल्यांदा घालू नका. आणि मुलीसाठी खास: पाठमोऱ्या बोलू नका, दुसऱ्या खोलीतून हाक मारू नका, ‘मशीन लावलंय ना, मग ऐकू कसं येत नाही’ हे वाक्य चुकूनही म्हणू नका.

शोधपेटी या पानाशी जोडली. मळाचा लेख काढून टाकावा, असं आता मार्केटिंगचंच म्हणणं पडलं, चुकीचे लोक आणतो म्हणून. मी ठाम विरोध केला. कानात काडी घालू नये हे कळायला आलेला माणूस चुकीचा कसा? त्याला यावं, वाचावं, जावं. त्याला फक्त ग्राहक म्हणून मोजू नका आणि जाहिरातीच्या बियाण्यात घालू नका. लेख राहिला, बियाणं बदललं.

नव्या पानावर गर्दी कधीच झाली नाही. येतात ते शेवटपर्यंत वाचतात, पुन्हा येतात, आणि बरेचसे ‘डायरेक्ट’ या रकान्यात दिसतात. डायरेक्ट म्हणजे पत्ता टाइप करून आलेले, असं शिकवलं जातं. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली लिंक कुठून आली हे ब्राउझर बहुतेकदा सांगत नाही, म्हणून तीही तिथेच पडते. शेअरच्या बटणाला खूण जोडल्यावर स्पष्ट झालं, भावंडं हे पान एकमेकांना पाठवतायत. ताईंच्या रजिस्टरमध्येही फरक आहे. ‘परत घेता का’ कमी झालंय, ‘साचा सैल आहे, कधी आणू’ वाढलंय. एकूण भेटींचा आलेख मात्र खाली आला, जाहिराती आटोपत्या घेतल्या ना. त्यावरून एका संचालकांनी मला अजून पुरतं माफ केलेलं नाही.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. मध्यंतरी लॉग चाळताना एक ओळ दिसली: ‘मला मशीन लावायचं नाही घरच्यांना कसं सांगू’.

मी ती ऑडिओलॉजिस्टबाईंना पाठवली. जो येतच नाही असं आम्ही सगळ्यांनी मानलं होतं तो आला होता, आणि शोधपेटीने त्याला मुलीसाठी लिहिलेलं पान दाखवलं होतं. त्या पानावर त्याच्याबद्दल सगळं आहे, त्याच्याशी बोललेलं एक वाक्य नाही. बाईंचं म्हणणं, त्याच पानाच्या माथ्यावर दोन वाटा कराव्यात, ‘घरच्यांसाठी’ आणि ‘ज्यांनी मशीन घेतलंय त्यांच्यासाठी’. मला ते पटत नाही. मुलगी वाचतेय ते पान बापानेही उघडावं आणि आपल्याला कसं हाताळायचं याच्या सूचना तिथेच वाचाव्यात, हे मला बरोबर वाटत नाही. बाई म्हणतात, लपवण्यासारखं त्यात आहे काय, उलट दोघांनी एकमेकांचं वाचलेलं बरं. पान अजून तसंच आहे. बाईंनी त्याच्यासाठीचा मजकूर लिहायला घेतलाय. न लावण्याची त्याची कारणं आधी मांडायची, त्यांतली कोणती दुरुस्त करता येतात ते सांगायचं, आणि तरीही नको असेल तर घरच्यांशी काय बोलता येईल ते. शेवटच्या भागाला विक्री विभागाची हरकत येणार हे आम्हाला माहीत आहे. तो भाग राहावा यासाठी मी भांडणार आहे.